पाटावर मांडलेली गाडी

गाडीची मापं घ्यायची म्हणून माझ्या भाच्यानं आधी तिची चारही चाकं काढून बाजूला ठेवली. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळच्या एका गावातलं क्रीडागृह, जानेवारीचे दिवस, बास्केटबॉलच्या मैदानावर करड्या रंगाचा गालिचा अंथरून त्यावर रेसचा ट्रॅक आखलेला. भिंतीलगत घडीच्या टेबलांची रांग, आणि प्रत्येक टेबलावर एक दशांश आकाराची, रेडिओवर चालणारी एकेक गाडी उघडी करून मांडलेली. चाकांच्या जागी त्यानं चार उभ्या पट्ट्या बसवल्या, नट हातानंच आवळले आणि गाडी एका सपाट पाटावर ठेवली. मग अंशांच्या खुणा कोरलेली एक चकचकीत पट्टी त्या उभ्या पट्टीला टेकवून तो म्हणाला, "मावशी, हे तुझ्या खात्यातलं काम आहे. बघ तरी."

पुण्यात भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षं मापनशाळेत काढली. स्लिप गेज, डायल, सरफेस प्लेट यांच्यात माझं आयुष्य गेलं. खेळण्यातल्या गाड्यांशी माझा काही संबंध नव्हता. पण मोजायची वस्तूच काढून ठेवायची आणि तिच्या जागी दुसरं काही लावून मोजायचं, हे पाहून मी खुर्ची ओढून बसले. असं करायला मापाच्या माणसाकडे सबळ कारण असावं लागतं. पुढचे तीन महिने मी ते कारण शोधत राहिले, आणि त्या शोधात या छोट्या अवजाराचा इतिहास हाती लागला.

कारण चाकातच आहे. या गाड्यांची चाकं प्लॅस्टिकची, साच्यातून काढलेली. टायर चढवून चिकटवला की चाक बाहेरून सुमारे ६३ मिलिमीटरचं होतं. प्लॅस्टिकची रिम अगदी सरळ कधीच फिरत नाही, थोडी तरी डुलते. पन्नास मिलिमीटरच्या रिमवर ०.३ मिलिमीटरची डुल म्हणजे एक तृतीयांश अंश. आणि रेसर ज्याची चर्चा करतात ते फरक असतात अर्ध्या अंशाचे. ज्या चाकावर मोजायचं तेच एवढं खोटं बोलत असेल, तर त्याला साक्षीला का बोलवायचं? म्हणून चाक काढायचं आणि आसावर बेअरिंगवर फिरणारी, सरळ घासलेली पट्टी लावायची. मोठ्या मोटारीत हा प्रश्न इतका टोकाचा होत नाही. सहाशे मिलिमीटरच्या चाकावर एक अंश म्हणजे साडेदहा मिलिमीटर, तो नजरेलाही दिसतो. या गाडीवर तोच एक अंश म्हणजे जेमतेम १.१ मिलिमीटर. कोन तोच राहतो, पण तो पकडायला उरलेली जागा मात्र दहा पटीनं आकसते. लहान वस्तू मोजणं मोठी वस्तू मोजण्यापेक्षा अवघड का, हे दर वर्षी नव्या प्रशिक्षणार्थींना समजावताना माझा घसा बसायचा. इथे ते टेबलावर मांडून ठेवलेलं होतं.

सुरुवातीच्या काळात असली अवजारं नव्हती, कारण मोजण्यासारखं काही नव्हतं. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एल-जी कंपनीची फेरारी २५० एलएम, एक बारांश आकाराची, १९६६ साली बाजारात आली. रेडिओवर चालणाऱ्या विक्रीच्या गाड्यांमध्ये ती पहिल्यांपैकी. पुढे १९७६ साली जपानमधल्या शिझुओका शहरातून तामिया कंपनीची पोर्शे ९३४ आली. तिची हकीकत मला फार आवडते. कंपनीला पोर्शेचं न चालणारं, फक्त मांडून ठेवायचं मॉडेल करायचं होतं. त्यासाठी शुनसाकु तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि अभ्यासासाठी ती सुटी सुटी केली. एवढा खर्च करून झालेलं मॉडेल तेवढ्यावर सोडायचं नाही म्हणून त्यात मोटर आणि रेडिओ बसवायचं ठरलं, आणि त्यातून एक अख्खा धंदा उभा राहिला. त्या गाडीचं बाह्यरूप मापाच्या बाबतीत कमालीचं काटेकोर होतं. खालच्या भागात मात्र चालवणाऱ्यानं बदलावं असं फारसं काही दिलेलं नव्हतं.

त्या काळच्या रेसच्या गाड्या म्हणजे एक सपाट तक्ता, मागे एकसंध आस, पुढे दोन चाकं. त्यांचं दुखणं एकच असायचं. तक्ता पिळला गेला की एका चाकावर भार जास्त, दुसऱ्यावर कमी. गाडी डावीकडे नीट वळे आणि उजवीकडे वळताना घसरे. रेसर याला ट्वीक म्हणतात. पुढे तक्ता आणि मागचा भाग यांना जोडणारी टी आकाराची लवचीक पट्टी आली, तिच्या दोन बाजूंना दोन स्क्रू आले, आणि ते कमीजास्त करून पीळ काढता येऊ लागला. तो तपासायचं अवजार होतं सुरीचं पातं. गाडीच्या नाकाखाली बरोबर मध्यावर पातं धरून हळूच उचलायचं. दोन्ही चाकांनी एकाच क्षणी जमीन सोडली तर गाडी सरळ, एक आधी उठलं तर पिळलेली. मला ही युक्ती अव्वल वाटते. तिच्यात आकडा नाही, पण निवाडा आहे. आमच्याकडच्या गो-नोगो गेजचा न्याय हाच: किती मिलिमीटर ते विचारू नका, बसतं की बसत नाही तेवढं सांगा.

आकड्याची गरज आली ती आटे आल्यावर. कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडची आरसी१० ही मातीवर पळणारी गाडी १९८४ साली आली, आणि तिच्यासारख्या गाड्यांनी रेसरच्या हाती लांबी बदलता येणारे दांडे दिले. एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्या टोकाला डावे. मधला षट्कोन पान्यानं फिरवला की दांडा लांब किंवा आखूड होतो, काहीही सोडवावं लागत नाही. तीन मिलिमीटरच्या या दांड्याचा आटा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असतो. दोन्ही टोकं सरकतात म्हणून एका पूर्ण फेऱ्याला एक मिलिमीटर. एवढ्यानं चाक दोनेक अंश कलतं. म्हणजे पाव फेरा चुकला की अर्धा अंश हातचा गेला.

टूरिंग गाड्या, म्हणजे रस्त्यावरच्या सेदान गाड्यांच्या रेसची ही छोटी आवृत्ती, १९९० च्या दशकात बहरली. तामियाची टीए०१ ही चारही चाकं ओढणारी चॅसी त्या दशकाच्या सुरुवातीची, मांता रे या मातीवरच्या गाडीपासून घडवलेली. तिची भावंडं एकामागून एक आली. वर पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच, आतून रंगवलेलं. निसान स्कायलाइन, मर्सिडीज, १९९३ ची जर्मन स्पर्धा जिंकलेली अल्फा रोमिओ १५५. मुलांनी टीव्हीवर पाहिलेल्या गाड्या त्यांच्या हाती आल्या. पण खोक्यातून निघणाऱ्या या गाडीचे वरचे दांडे एकसंध प्लॅस्टिकचे, ठरलेल्या लांबीचे होते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, कारखान्यानं ठरवलेला. बदलायचा तर वेगळे दांडे विकत आणायचे.

दशकाच्या मध्यानंतर चित्र पालटलं. योकोमोसारख्या कंपन्यांनी पट्ट्यावर चालणाऱ्या, कार्बन तंतूंच्या तक्त्याच्या गाड्या आणल्या. १९९९ साली असोसिएटेडची टीसी३ लांब दांड्यावर चालणारी आली. १९९८ पासून विजेवरच्या टूरिंग गाड्यांची जागतिक स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागली. आता प्रत्येक कोपऱ्यावर आटे होते. चाक समोरून पाहिल्यावर डोकं आत कललंय की बाहेर, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर चाकांची पावलं आत वळलेली की फेंगडी, तो टो. तक्ता जमिनीपासून किती वर, ती राइड हाइट. गाडी उचलली की चाक किती खाली लोंबतं, तो ड्रूप. चार चाकं, प्रत्येकाची तीन-चार मापं, आणि शर्यत अवघ्या पाच मिनिटांची.

मधल्या काळात लोकांनी हाताला लागेल ते वापरलं. शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या, पुठ्ठ्याचा कापलेला कोन, एकावर एक रचलेले वॉशर. आरपीएम कंपनीचं प्लॅस्टिकचं छोटं कॅम्बर गेज बऱ्याच पेट्यांमध्ये असे, ते सरळ टायरला टेकवायचं. भाच्याच्या क्लबमधले सत्तरीचे एक गृहस्थ अजूनही तसलंच वापरतात. मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं, त्यांचं माप पाव अंशाच्या आत जुळत होतं. ते चाक अर्धं फिरवून दोनदा मापतात आणि मधला आकडा धरतात. रिमची डुल त्यातून आपोआप वजा होते. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. चांगलं अवजार नसलेला चांगला मापणारा असाच असतो.

आणि मग स्लोव्हाकियातलं त्रेन्चिन. वाह नदीच्या काठावर, किल्ल्याच्या पायथ्याशी वसलेलं हे गाव. इथे युराय हुडी यांनी १९७९ पासून, चेकोस्लोव्हाकियाच्या काळात, रेडिओच्या गाड्यांसाठी अवजारं करायला सुरुवात केली. त्यांच्या नावानं आधी गाजला तो छोटा लेथ. जुन्या ब्रशच्या मोटरचा तांब्याचा कम्युटेटर झिजून खडबडीत व्हायचा, तो या लेथवर पातळसा सोलून पुन्हा गुळगुळीत करायचा. पुढे त्याच घराण्याची एक्सरे ही गाड्यांची कंपनी त्याच गावात उभी राहिली. हुडीचा मापाचा संच टेबलावर ठेवला की शेजारचे रेसर आवाज खाली आणतात, हे मी स्वतः पाहिलं. सपाट पाट, चार उभ्या पट्ट्या, कॅम्बरची पट्टी, टोची पट्टी, ड्रूपसाठी दोन ठोकळे आणि पायऱ्यापायऱ्यांची पाचर, सगळ्या खुणा बारीक कोरलेल्या. मी खिशातलं भिंग काढून कोरीव रेघा पाहिल्या. कडा स्वच्छ होत्या.

वाह नदीच्या त्या खोऱ्यात दुब्नित्सा, पोवाझ्स्का बिस्त्रित्सा अशी शस्त्रांच्या कारखान्यांची गावं आहेत. धातू कापणारे हात त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले. मला वाटतं, असं अवजार तिथे जन्मावं हे स्वाभाविक आहे. स्लिप गेजचा, म्हणजे मापाच्या प्रमाण ठोकळ्यांचा, जन्मही बंदुकीच्या कारखान्यातलाच. स्वीडनच्या एस्किल्स्तुना इथल्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी १८९६ साली १०२ ठोकळ्यांचा संच योजला. त्यांच्या जुळण्यांतून वीस हजार मापं मिळतात. ते ठोकळे घासायला त्यांनी घरी बायकोचं शिवणयंत्र बदलून घेतलं होतं. आमच्या पुण्यातही खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. माझे पहिले वरिष्ठ तिथून निवृत्त होऊन आमच्याकडे आले होते आणि ठोकळा धरताना बोटांची ऊब लागू नये म्हणून शामॉईचं कातडं वापरायचे. मापाची शिस्त शस्त्रशाळेतून बाहेर पडली आणि शिवणयंत्राच्या सुट्या भागांपासून खेळण्यातल्या गाडीपर्यंत पोहोचली. हा प्रवास मला मनापासून सुंदर वाटतो.

या अवजारानं काय बदललं? माझ्या मते, गाडी वेगवान झाली ही त्यातली किरकोळ बाब. मोठा बदल हा की एकाची गाडी दुसऱ्याला सांगता येऊ लागली. पूर्वी मुरलेला रेसर चाकाकडे डोळा लावून, बोटानं दाबून गाडी लावायचा, आणि त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर घरी जायचं. आता छापील कागद आले. गाडीचा आराखडा, शेजारी रिकाम्या चौकटी: पुढचा कॅम्बर उणे दोन, मागचा टो तीन अंश आत, राइड हाइट पाच, तेल अमुक. जगज्जेत्यानं भरलेला कागद कुठल्याही गावातला मुलगा वाचू शकतो. २०१२ साली जागतिक स्पर्धा नेदरलँड्समध्येच, हेमस्टेडला झाली आणि डच रेसर यिलेस ग्रोस्काम्प तामियाच्या गाडीवर घरच्या मैदानात जिंकला. क्लबमधली मुलं त्या शर्यतीबद्दल बोलताना घाटातल्या वळणाबद्दल बोलावं तसं कॅम्बरबद्दल बोलतात.

पण आकडा सांगता येतो म्हणजे तो समजतोच असं नाही, आणि ड्रूप हे त्याचं ठळक उदाहरण. एक पद्धत अशी: तक्ता ठोकळ्यांवर ठेवायचा, चाकाचा खालचा दांडा लोंबू द्यायचा आणि पाचरीनं त्याची उंची मापायची. शून्य म्हणजे ठोकळ्याची पातळी. दुसरी पद्धत: गाडी चाकांवर उभी ठेवायची, तक्ता वर उचलत न्यायचा आणि चाक जमीन सोडेपर्यंत तो किती उचलला गेला ते मापायचं. दोन्हींना ड्रूपच म्हणतात. एकात आकडा वाढला की चाक कमी लोंबतं, दुसऱ्यात आकडा वाढला की जास्त. भाच्यानं एकदा दुसऱ्या कंपनीच्या कागदावरचा आकडा आपल्या पाचरीवर लावला आणि गाडी दोन फेऱ्यांत उलटली. आमच्या लॅबमध्ये कुठल्याही आकड्याशेजारी मापण्याची पद्धत लिहायची सक्ती होती. ती सक्ती या कागदांवरही हवी, असं मी तिथल्या सगळ्यांना सांगितलं.

शेवटची गोष्ट पाटाची. एका शनिवारी भाच्याची गाडी उजवीकडे वळताना सतत शेपूट टाकत होती. पट्ट्या लावून मापलं, कॅम्बर, टो सगळं जुळलेलं. मग पात्यानं नाक उचललं, तर पुढचं डावं चाक आधी उठलं. तो मागच्या स्प्रिंगची कडी आवळायला निघाला. मी त्याचा हात धरला.

अनेक वर्षांपूर्वी आमच्या लॅबमधली ग्रॅनाइटची प्लेट हलवून दुसऱ्या खोलीत नेली होती. ती तीन बिंदूंवर टेकवतात, कारण तीन बिंदू कधी डुगडुगत नाहीत. पण कुणीतरी काळजीपोटी चौथा, सुरक्षेसाठी असलेला पायही घट्ट वर आवळला. आठवडाभर समांतरतेची मापं चुकत होती आणि आम्ही निर्दोष भाग नाकारत होतो. तेव्हापासून माप बिघडलं की मी आधी वस्तूच्या खाली पाहते.

भाच्याचा पाट ॲक्रिलिकचा होता, घडीच्या टेबलावर ठेवलेला. मी म्हटलं, "अरे, गाडी पाव फेरा फिरवून ठेव आणि पुन्हा उचल." आता पुढचं उजवं चाक आधी उठलं. गाडी तीच, फक्त दिशा बदललेली. म्हणजे पीळ पाटात होता. त्यानं विचारलं, अर्धा फेरा का नाही? कारण पिळलेल्या पाटाचे समोरासमोरचे कोपरे सारखे असतात. डावा पुढचा खाली असेल तर उजवा मागचाही खाली. गाडी अर्धी फिरवली की ती पुन्हा तशाच कोपऱ्यांवर येते आणि चूक लपून राहते. पाव फिरवली की उंच-सखल कोपऱ्यांची अदलाबदल होते आणि चूक उघडी पडते.

दुसऱ्या दिवशी काचेच्या दुकानातून दहा मिलिमीटरची काच कापून आणली, कडा घासून घेतल्या. ही काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून करतात. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ती पद्धत १९५९ मध्ये जाहीर केली, आणि तेव्हापासून घरोघरी परवडेल असा सपाट पृष्ठभाग मिळू लागला. काचेखाली तीन खोडरबर ठेवले: दोन पुढे, एक मागे मध्यावर. गेल्या पंधरवड्यात, जुन्या पाटावर विश्वासून, भाच्यानं मागच्या स्प्रिंगच्या कड्या तीन वेळा फिरवल्या होत्या; आधी त्या मूळ जागी आणल्या. मग पात्यानं नाक उचललं, दोन्ही चाकं एकदमच उठली. पाव फेरा फिरवून उचललं, तरीही एकदमच.   मग गाडी ट्रॅकवर सोडली. उजवं वळण तिनं शेपूट न टाकता घेतलं.

पुण्यात, मुंबईत, नाशकात कॉलेजची मुलं आता अशा गाड्या जोडताना दिसतात, आणि त्यांच्या टेबलावर मला बहुतेक वेळा संच आधी दिसतो, पाट नंतर. त्यांना माझी विनंती आहे: पैसे मोजकेच असतील तर आधी जाड काच आणि तीन खोडरबर घ्या. आणि पहिलं माप वहीत लिहिण्याआधी गाडी पाव फेरा फिरवून एकदा पुन्हा उचलून पाहा.